आपल्या गागोद्याचे विनोबा : पायी वाटेचं एक चरित्र

आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली ही त्या पंढरीनाथाची कृपा. स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा मंडळींनी आम्हाला एखादं चरित्र लिहायला सांगितलं. आमचं शिक्षण मराठी चौथी, हात नांगराला सरावलेला, लेखणीला नाही. ज्ञानोबा-तुकोबांची चरित्रं लिहायला अधिकारी माणसं आहेत. म्हणून आम्ही आपल्या पेण तालुक्यातल्या एका माणसाचं चरित्र घेतलं. ते म्हणजे गागोदे गावचे विनायक नरहरी भावे, ज्यांना सारं जग विनोबा म्हणतं.

कोणी म्हणेल, विनोबा कुठे आपल्या दिंडीतले? खरं आहे. त्यांनी विणा खांद्यावर घेतला नाही, फडावर उभं राहून कीर्तन केलं नाही. पण नाम मुखी धरून, तेरा वर्षं, उन्हापावसात, गावोगाव मुक्काम करत हा देश ज्याने पायांनी तुडवला, त्याला वारकरी नाही म्हणायचं तर कोणाला म्हणायचं?

आणि हे चरित्र आत्ताच लिहिण्याला कारणही आहे. यंदाच्या बैठकीत गाडीची गोष्ट निघाली. तरुण मंडळींचं म्हणणं असं पडलं की रोह्याहून नागोठणे, वडखळ, पेण, खोपोली हा रस्ता आता पूर्वीचा राहिला नाही. ट्रेलर अंगावरून जातात, वर बोरघाट चढायचा. त्यापेक्षा लोणावळ्यापर्यंत टेम्पोने जावं आणि तिथून आळंदीपर्यंत चालावं. दोन-तीन दिवस वाचतील, नोकरीवाल्या पोरांना रजा कमी पडणार नाही. हे म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. काळजीपोटी आलेलं आहे. निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे. त्याआधी चालण्याने काय होतं आणि वेगाने काय होतं, हे एका माणसाच्या आयुष्यात बघून घ्यावं, एवढाच आमचा हेतू.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ साली पडलं. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला, म्हणून पोर आजोबा शंभूराव आणि आई यांच्या हाताखाली गागोद्यात वाढलं. आईचं नाव रुक्मिणी. आता बघा, वारकऱ्याला याहून जवळचं नाव ते कोणतं? आई त्याला विन्या म्हणायची. घरच्या फणसाला फळ धरलं की विन्या रोज विचारायचा, कधी खायचा म्हणून. फणस पिकला की आई तो फोडायची, पानांच्या द्रोणांत गरे भरायची आणि विन्याला आधी शेजारच्या घराघरांत वाटायला धाडायची. सगळं वाटून झालं की मग जवळ बसवून त्याला खायला द्यायची. आधी द्यायचं, मग खायचं. पुढे लाखो एकर जमीन मागणाऱ्या माणसाचा पहिला धडा हा असा फणसाच्या गऱ्यांनी झालेला आहे.

त्या माउलीची आणखी एक गोष्ट आहे, ती आपण भातवाल्यांनी ध्यानात ठेवावी अशी. तिने देवाला लाख तांदूळ वाहायचा नेम केला. एकेक दाणा मोजून वाहायची. ते बघून वडलांनी हिशेब सांगितला, की एक तोळा तांदळात किती दाणे होतात ते मोजावं, तेवढ्यावरून लाखाचं वजन काढावं, कमी पडू नये म्हणून अर्धा तोळा जास्त घालावा, म्हणजे झालं. बाईला उत्तर सुचेना. तिने विन्याला विचारलं. त्या पोराने सांगितलं की हे गणित नाही. दाणा मोजताना दर दाण्याला मन देवापाशी जातं, ते वजन केल्याने कसं व्हायचं? आमच्या अडाणी बुद्धीला वाटतं, गाडीने जायचं का पायी, या भांडणाचा निकाल त्या पोराने तेव्हाच लावून ठेवला. वजन करून तांदूळ पोचतात. पण दर दाण्याला होणारं स्मरण तेवढं वगळलं जातं.

नऊ-दहा वर्षांचा झाल्यावर विन्या बडोद्याला गेला. लहानपणीच ब्रह्मचर्याचं मनात घेतलं, तेव्हापासून पायात वहाण नाही, डोक्यावर छत्री नाही, गादीवर निजणं नाही. बडोद्याच्या रखरखत्या उन्हात अनवाणी मैलोगणती भटकायचा, त्याने डोळ्यांना त्रासही झाला. अभ्यासात हुशार, पण मन पुस्तकी परीक्षेत नाही. शाळा-कॉलेजची सर्टिफिकेटं आईच्या देखत चुलीत घातली. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला म्हणून निघाला आणि सुरतेला उतरून काशीची गाडी धरली. काशीला अन्नछत्रात जेवला, गंगेकाठी बसला. तिथून गांधीजींशी पत्रव्यवहार झाला आणि त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादेस कोचरबच्या आश्रमात त्यांची भेट झाली. तो मग तिथलाच झाला.

पुढे प्रकृतीसाठी आणि शास्त्राभ्यासासाठी आश्रमातून वर्षभराची रजा घेतली. वाईला नारायणशास्त्री मराठ्यांच्याकडे ब्रह्मसूत्रांचा अभ्यास केला. त्याच वर्षात चार-पाच जिल्ह्यांतून चारशे मैल पायी फिरले. आपला रायगड बघितला, सिंहगड बघितला, तोरणा बघितला. वाटेत गावांत गीतेवर बोलायचे. मैल तेवढे चालावे, आणि थांबू तिथे चार शब्द सांगावे, ही रीत तिथे लागली.

१९२१ साली गांधीजींनी त्यांना वर्ध्याला आश्रम सांभाळायला धाडलं. तिथे सूत कातणं, विणणं, झाडणं, पाखडणं, शेती, हेच त्यांचं तप. आईला संस्कृत येत नव्हतं, गीता मराठीत सोपी करून हवी होती. आई १९१८ साली देवाघरी गेली, पण तिची इच्छा लेकाने विसरली नाही. १९३०-३१ साली गीताई लिहून पुरी केली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले, अठरा रविवारी अठरा अध्याय. ते सारं साने गुरुजींनी उतरून घेतलं, म्हणून आज घरोघर गीता प्रवचने आहे. ज्ञानदेवांच्या, नामदेवांच्या, एकनाथांच्या, तुकोबांच्या अभंगांतून त्यांनी निवड करून पुस्तकं केली. तेव्हा आपल्या संतांचं ऋण या माणसावर होतं आणि त्याने ते फेडलं.

१९४० साली गांधीजींनी पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून त्यांनाच निवडलं. तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर पवनारला धाम नदीकाठी राहत असताना रोज खांद्यावर फावडं घेऊन जवळच्या सुरगावला चालत जायचे आणि गावचा मैला साफ करायचे. पाऊस असो, थंडी असो. लोक म्हणत असतील, हा शिकलेला माणूस हे काय करतो? पण रोज त्याच वाटेने, त्याच वेळी, पायी येणारा माणूस गावाला आपला वाटायला लागतो. मोटारीतून येऊन भाषण देऊन गेलेल्याला गाव पाहुणा समजतं.

आता मुख्य गोष्ट. १९५१ साली हैदराबादेजवळ शिवरामपल्लीला सर्वोदयवाल्यांचं संमेलन होतं. विनोबा तेव्हा पवनारात पैशाविना जगण्याचा प्रयोग करत होते. पैसाच शिवायचा नाही म्हटल्यावर आगगाडीचं तिकीट कुठलं? ८ मार्चला पायीच निघाले. तीनशे मैलांचा पल्ला. जमीन मागायची असं तेव्हा मनातसुद्धा नव्हतं. संमेलन झालं. तेलंगणात त्या वेळी जमिनीवरून रक्तपात चालला होता, एकीकडे जमीनदार, एकीकडे हत्यार घेतलेले लोक, मधे गरीब भरडला जात होता. विनोबांनी परतीची वाट त्याच मुलखातून धरली.

१८ एप्रिल १९५१. नळगोंडा जिल्ह्यातलं पोचमपल्ली गाव. मुक्कामावर आल्यावर ते हरिजन वस्तीत गेले. चाळीस घरं, कोणाकडे जमीन नाही. काय हवं विचारल्यावर त्यांनी ऐंशी एकर मागितली, चाळीस भिजणारी, चाळीस कोरडवाहू. विनोबांजवळ काय होतं? सरकारकडे अर्ज करतो म्हणाले, आणि तेवढ्यात गावकऱ्यांकडेही बघून विचारलं की तुमच्यातला कोणी काही देऊ शकेल का. रामचंद्र रेड्डी नावाचे गृहस्थ उभे राहिले आणि शंभर एकर देतो म्हणाले. मागितली ऐंशी, मिळाली शंभर. त्या रात्री विनोबांना झोप लागली नाही असं सांगतात. भूदानाची गंगा निघाली ती इथून.

आता वारकरी मंडळींनी विचार करावा. विनोबा मोटारीतून गेले असते तर पोचमपल्ली त्यांना काचेतून दिसली असती, मागे पडली असती. ते पायी होते, थकले होते, मुक्कामाला थांबले होते, म्हणून त्या चाळीस घरांना त्यांच्यापुढे उभं राहता आलं. चालणाऱ्याला कोणीही हात करून थांबवू शकतो, लहानातला लहान माणूससुद्धा. चालण्याचं सगळं मोल आमच्या मते या एका गोष्टीत आहे.

पुढे तेरा वर्षं तेच. पहाटे तीनला उठणं, प्रार्थना, अंधारात कंदील धरून निघणं. दहा-बारा मैल झपाझप चालायचे, बरोबरीची तरुण पोरं मागे पडायची. उन्हं तापायच्या आत पुढचं गाव. तिथे लोकांचं ऐकणं, दुपारी सभा, संध्याकाळी प्रार्थना, लवकर निजणं. पोटाचं दुखणं जुनं, आहार म्हणजे थोडं दही-दूध, गूळ किंवा मध. रोजचे दहा मैल धरले तरी वर्षाचे साडेतीन हजारांवर जातात, तेरा वर्षांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा, आंध्र, तमिळनाड, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, पंजाब, काश्मीर, आसाम, इतकंच काय पूर्व पाकिस्तानातूनसुद्धा पायी गेले. ज्या मुलखात जायचे तिथली भाषा शिकायचे. मागणं साधं होतं. घरात पाच लेक असतील तर मला सहावा समजा आणि सहावा हिस्सा गरिबासाठी द्या. उत्तर प्रदेशात एक आंधळा शेतकरी रात्री मुक्कामावर आला आणि आपली जमीन देऊन गेला. मंगरोठ गावाने तर सारी गावची जमीन दिली. चंबळच्या खोऱ्यात १९६० साली वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या.

हाल कमी झाले नाहीत. बिहारात चांडीलला जबर हिवताप झाला, जिवावर बेतलं. १९५३ साली बैद्यनाथधामला हरिजनांना घेऊन देवळाकडे गेले तर पंड्यांनी मारलं, एक कान कायमचा अधू झाला. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये म्हणून यांनीच सांगितलं. जगन्नाथपुरीला आणि गुरुवायूरला बरोबरच्या परधर्मी माणसांना आत घेत नाहीत म्हटल्यावर हे देवळाच्या दारातून परत फिरले. सोबत्याला बाहेर ठेवून देव बघायचा नाही, हा त्यांचा नेम.

आणि १९५८ च्या मे महिन्यात ही वाट पंढरपूरला आली. साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण करून विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडं करवलं होतं, पण परधर्मीयांचं काय हा प्रश्न होताच. पंढरपूरकरांनी विनोबांना सगळ्या सोबत्यांसह बोलावलं. मुसलमान, ख्रिस्ती, जो बरोबर चालत होता तो प्रत्येक जण आत गेला. विठ्ठलापुढे उभं राहिल्यावर विनोबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पुरीहून माघारी फिरवलेला माणूस आपल्या विठोबाने कवटाळला, याचा आपण वारकऱ्यांनी अभिमान धरावा आणि जबाबदारीही धरावी. आपल्या दिंडीत पाणी कोणी आणलं, भाकरी कोणी दिली, हे विचारायचं नसतं ते यासाठी.

चरित्र लिहायचं तर उणी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर ती भाटगिरी होते. भूदानात चाळीस लाख एकरांवर जमीन कागदावर आली. पण त्यातली पुष्कळशी खडकाळ निघाली, कुठे वाद होते, कुठे वाटायला माणसं पुरली नाहीत, कुठे देणाऱ्याचे वारस फिरले. बरीच गरिबाच्या हाती पोचलीच नाही. दुसरं, १९६४ च्या एप्रिलमध्ये पायी यात्रा संपवून विनोबा पवनारला परतले आणि पुढच्याच वर्षी, सत्तरी गाठली तेव्हा, बिहारात मोटारीतून तुफान यात्रा काढली. वय झालं होतं, त्याला दोष नाही. गावंच्या गावं दान झाली, हजारोंनी आकडे आले, १९६९ साली सारा बिहार दान झाला असं जाहीर झालं. पण प्रत्यक्षात जमीन हलली ती फारच थोडी. तुफान आलं तसं गेलं. वजनाने वाहिलेल्या तांदळाची गोष्ट इथे आम्हाला परत आठवते. पायी यात्रेतसुद्धा सगळं साधलं नाही हे खरं, पण जे टिकलं ते बहुतेक मुक्काम करून, बसून, ऐकून मिळवलेलं होतं. आणीबाणीच्या काळात त्यांनी जी भूमिका घेतली, त्यावरूनही पुष्कळांनी त्यांना बोल लावला, तोही इथे नोंदला पाहिजे.

१९७० साली त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला, म्हणजे पवनार सोडून कुठे जायचं नाही. एवढं चाललेला माणूस एका जागी बसला. १९८२ च्या नोव्हेंबरात दुखणं आलं तेव्हा अन्न, पाणी, औषध सोडलं आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, शांतपणे देह ठेवला. दुसऱ्या वर्षी सरकारने भारतरत्न दिलं. त्यांना त्याचं काय? ते पुढच्या मुक्कामाला गेले होते.

आता आपल्याकडे वळू. आपण कोकणातले, आषाढीला आपली लावणी असते, चिखलातून पाय निघत नाही. म्हणून वाडवडलांनी कार्तिकाची वाट धरली. भात कापून, झोडून, घरात आणलं की वालाचं बी टाकायचं आणि पताका घेऊन आळंदीला निघायचं. कार्तिक वद्य एकादशी आणि माउलींचा समाधी सोहळा गाठायचा. या वाटेने आपल्याला काय दिलं? एक सांगतो. आमच्या गावातले दोन सख्खे भाऊ बांधावरून नऊ वर्षं बोलत नव्हते. एका वर्षी दोघेही दिंडीत. घाट चढताना थोरल्याला धाप लागली, शिंगरोबाच्या देवळाजवळ तो बसला. धाकट्याने न बोलता त्याची पडशी उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली. लोणावळ्याच्या मुक्कामात दोघं एका ताटात जेवले. परत आल्यावर बांध सरळ झाला, मोजणीला पैसा पडला नाही. टेम्पोत बसले असते तर एक पुढे बसला असता, एक मागे. आज आपल्या खारेपाटात आणि रोह्याच्या बाजूला जमिनीला भाव आला आणि घरोघर भाऊ कोर्टात उभे आहेत. अशा वेळी ही वाट कमी करावी का वाढवावी?

पोरांची काळजी मात्र खरी आहे, तिचा उपाय केला पाहिजे. विनोबांची रीतच घ्यावी. पहाटे तीनला काकडा करून साडेतीनला चालायला लागावं, म्हणजे वर्दळ वाढायच्या आत पल्ला होतो. पुढच्या चोपदाराजवळ आणि शेवटच्या माणसाजवळ लाल दिवा असावा. घाटात एका रांगेत, टाळ बंद ठेवून, कडेने चालावं. म्हातारी, आजारी, पोटुशी बाई यांनी सामानाच्या टेम्पोत खुशाल बसावं, त्यात कमीपणा नाही, सत्तरीत विनोबाही मोटारीत बसले. ज्याला रजा नाही त्याने दोनच मुक्काम चालावेत, पण ते पायीच चालावेत. आणि शताब्दीच्या वर्षी निघण्याआधी एक दिवस गागोद्याला जावं, हरिपाठ म्हणावा, आणि परतताना फणसाच्या गऱ्यांची आठवण म्हणून ज्याच्या घरी जे पिकलं त्यातलं मूठभर शेजाऱ्याला द्यावं.

बैठकीत हात वर करायची वेळ येईल तेव्हा प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावं. आमचा हात पायी वाटेच्या बाजूने आहे. पाय आहेत तोवर चालू.

रामकृष्णहरी.